जोड लावतो कोण?

(शिरोली एमआयडीसीतील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



अर्थशास्त्राच्या माणसाने मोबाइलवरील खेळांविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु फौंड्रीतली पाळी सुटल्यावर आपले तरुण कामगार ज्यात रमतात, तो विषय क्षुल्लक मानण्याची चूक चळवळीने करू नये.

जोड लावणे म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगावयास नको. खासबागेत कुस्ती नेमतात ती वजन आणि वकूब पाहून, आणि चारचौघांत. काटाजोड नसेल तर प्रेक्षकच ओरडा करतात. इंटरनेटवरच्या खेळात मात्र हजारो अनोळखी खेळाडूंतून ही जोड संगणक लावतो. पूर्वी तो प्रामुख्याने कौशल्य बघे. बुद्धिबळातल्या एलो गुणांकनाचाच तो प्रकार. पुढे वर्तनही मोजले जाऊ लागले. शिवीगाळ कोण करतो, डाव अर्धा टाकून कोण जातो, कोणाविरुद्ध किती तक्रारी आल्या, हे पाहून अशांची गाठ अशांशीच घालतात. ‘डोटा २’मध्ये वारंवार डाव सोडणाऱ्याला वेगळ्या रांगेत बसवतात आणि ठरावीक डाव जिंकल्यावाचून तिथून सोडत नाहीत.

यात तत्त्वतः गैर काही नाही. उपद्रवी माणसापासून इतरांचे रक्षण व्हावयासच हवे. माझा आक्षेप आहे तो वही कोणाच्या हाती, यावर. २०१७ साली ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये वाल्व्ह कंपनीने विश्वासाचा गुणांक आणला. खेळाडूवर फसवेगिरीच्या तक्रारी किती, एवढेच नव्हे, तर त्याच खात्यावर तो इतर खेळ किती वेळ खेळला, हेही त्यात धरतात. परंतु ज्याचा गुणांक, त्यालाच तो दाखवीत नाहीत! त्याच वर्षी ॲक्टिव्हिजन कंपनीला अमेरिकेत एक पेटंट मिळाले. नवख्याची गाठ अशा पटाईताशी घालावी की त्याच्याजवळचे शस्त्र पाहून ते विकत घेण्याचा मोह व्हावा, ही त्यातली एक कल्पना. ती कोणत्याही खेळात वापरलेली नाही, असे कंपनीने सांगितले. नसेलही. पण बाहेरून तपासणार कोण?

कारखान्यात गैरवर्तनाचा ठपका आला, तर आरोपपत्र आणि चौकशी हवी, हे १९४६च्या स्थायी आदेश कायद्यामुळे रूढ झाले. नोव्हेंबर २०२५मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची सक्ती ३०० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली आहे. शिरोलीत असे कारखाने किती, ते तुम्हीच मोजा. १९६९च्या माथाडी कायद्याने तर हमालांची नोंदवहीच मंडळाकडे आली, आणि त्या मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसतात.

आज घरोघरी जेवण पोहोचविणाऱ्या मुलांनाही ॲपवर गुण मिळतात. तिथे खाते बंद होणे म्हणजे चूल बंद होणे. त्यांच्या मागणीपत्रात दराखालोखाल हे कलम असावे: गुण कसे दिले ते लेखी कळावे आणि खाते बंद करण्यापूर्वी त्यांची बाजू ऐकली जावी. कच्चा मसुदा मी सोबत आणला आहे. त्यात काय राहिले, ते त्या मुलांना विचारून घ्यावे लागेल.