शेगडी घराबाहेरच



फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात हिमवादळ आलं. गॅसच्या विहिरी गोठल्या, वीजकेंद्रं बंद पडली. राज्याचं वीजजाळं शेजारच्या राज्यांशी जेमतेम जोडलेलं, त्यामुळे बाहेरून वीज फारशी मिळेना. सुमारे 45 लाख घरं-दुकानं अंधारात गेली. आपल्या लोडशेडिंगला निदान वेळापत्रक असायचं!

ऑस्टिनमध्ये आम्ही सगळे एकाच खोलीत पांघरुणं घेऊन बसलो. पाइप फुटू नयेत म्हणून नळ थेंबथेंब सोडले. रस्ते निसरडे, म्हणून गाडी काढलीच नाही. शेजारी कोळशाची शेगडी घरात नेताना दिसले, तेव्हा धावत जाऊन अडवलं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्या आठवड्यात टेक्सासात त्यानेही माणसं दगावली.

सर, रसायनशास्त्राचा तुमचा तो तास उपयोगी पडला.