पहाटेची थंडी आणि जुनी मोटार



मी तर्कशास्त्र शिकवणारा माणूस. मोटारीच्या दुरुस्तीवर बोलण्याचा मला काय अधिकार, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. शंका रास्त आहे. माझा अधिकार एवढाच, की एका हिवाळ्यात मी याच विषयात सपशेल नापास झालो, आणि त्या नापास होण्याची फी चांगली सणसणीत भरली.

आमच्या घरी एक प्रीमिअर पद्मिनी आहे. १९८५ सालची. वडील काटोलला हायस्कुलात शिक्षक होते. त्यांनी ती १९९४ साली दुसऱ्या हाताने घेतली. मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. मुळात ही इटलीची फियाट. आमच्या भागात म्हातारी माणसे तिला अजून फियाटच म्हणतात. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून तिने पन्नासहून अधिक वर्षे काढली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. तिची जोडीदारीण अँबॅसडर. तिचे उत्पादन बंगालात उत्तरपाड्याला २०१४ साली थांबले. पण विदर्भातल्या वाड्यांत, गोठ्याशेजारच्या पडवीत, शाळेमागच्या शेडमध्ये अशा गाड्या अजून उभ्या दिसतात, आणि गरजेला निघतातही.

२९ डिसेंबर २०१८ ची पहाट. त्या दिवशी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. १९३७ च्या जानेवारीतला ३.९ अंशांचा जुना विक्रम त्या पहाटेने मोडला. हे अर्थात मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळले. पहाटे पाचला एवढेच कळत होते, की वडिलांना दम लागला आहे आणि त्यांना दवाखान्यात न्यायचे आहे. त्यांना शालीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवले. चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन कण्हल्यासारखे 'घुर्र... घुर्र...' करून थांबले. पुन्हा तेच. मी घाईघाईने पॅडल दाबले, पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा दाबले. पेट्रोलचा वास सुटला, पण गाडी काही सुरू होईना. मागून वडील धापा टाकत म्हणाले, "अरे, थांब. आवाज ऐक तिचा." मी कुठला ऐकतो! शेजारी ऑटोरिक्षा चालवणारे काका राहतात, त्यांना उठवले. ते दहा मिनिटांत निघाले. वडील वेळेवर पोहोचले आणि चार दिवसांनी घरी आले. पण त्या दहा मिनिटांत अंगणात उभा राहून मी त्या गाडीला जे बोललो, ते रेडिओवर सांगण्यासारखे नाही.

आता थंडीत गाडीचे होते तरी काय, ते आधी पाहू. गोष्टी तीन घडतात. पहिली, बॅटरी मंदावते. तिच्यातली रासायनिक क्रिया गारठ्यात हळू चालते. शून्य अंशाजवळ तिचा इंजिन फिरवण्याचा जोर सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. दुसरी, इंजिनातले तेल घट्ट होते. काकवी उन्हाळ्यात कशी भराभर ओतली जाते आणि हिवाळ्यात कशी ओढाळ होते, तसेच. म्हणजे ताकद कमी आणि ओझे जास्त. तिसरी गोष्ट पेट्रोलची. इंजिनात पेट्रोल जळते ते वाफेच्या रूपात. हातावर स्पिरिट लावले की गार लागते, कारण उडताना ते आपल्या कातडीतली उष्णता घेते. गार इंजिनात घ्यायला उष्णताच नसते. पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतीला चिकटून राहतात आणि ठिणगीपर्यंत पोहोचणारे मिश्रण पातळ पडते. म्हणून चोक. काही कार्ब्युरेटरांत हवेची झडप बंद होते, काहींत पेट्रोलला वेगळी छोटी वाट मिळते. हेतू एकच, की पेट्रोल जरुरीपेक्षा जास्त सोडावे म्हणजे त्यातले पुरेसे तरी उडेल.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. नागपूरची थंडी म्हणजे काही काश्मीर नव्हे. एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे बारा-तेरा अंश असतात. अशा हवेत धडधाकट गाडी कुरकुर न करता सुरू व्हायला हवी. ती होत नसेल तर दोष थंडीने निर्माण केलेला नाही. दोष आधीच होता, थंडीने तो उघडा पाडला. बॅटरीचेच घ्या. तिला खरे मारतो आपला मे महिना. पंचेचाळीस अंशांत तिच्यातले पाणी उडते, पट्ट्या झिजतात. पण उन्हाळ्यात तेल पातळ असते, म्हणून ती कशीबशी निभावते, आणि मरते डिसेंबरात. आपण म्हणतो, थंडीने गेली.

मी नेमके हेच म्हणालो. नवी बॅटरी आणून बसवली. दुपारची वेळ, अंगणात ऊन. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी खूश. वडील खिडकीतून म्हणाले, "आवाज तोच आहे रे." दोन दिवसांनी पहाटे पुन्हा तेच रडगाणे. मग एका गॅरेजवाल्याने सांगितले की कार्ब्युरेटर खराब आहे. तो उतरवला, धुतला, नवे किट टाकले, चारही प्लग बदलले. आठ-दहा दिवस गाडी गुणी मुलासारखी वागली. मी वर्गात मुलांना अभिमानाने सांगितले की दोष सापडला. मात्र त्या आठ-दहा दिवसांत हवा ढगाळ होती आणि थंडी ओसरली होती, हे माझ्या ध्यानातच आले नाही. आभाळ निवळले, गारठा परत आला आणि गाडी पुन्हा बसली.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. काकतालीय न्याय म्हणून हे मी वीस वर्षे शिकवतो आहे. नंतर घडले म्हणून त्यामुळे घडले, हा तर्कदोष दर वर्षी परीक्षेत विचारतो. आणि स्वतःच्या अंगणात, खिशातले पैसे मोजून, तोच करीत होतो. याहून वाईट म्हणजे, एकाच दिवशी कार्ब्युरेटर आणि प्लग दोन्ही बदलले. गुण आला असता तरी कशाने आला, हे कळायला मार्ग उरला नसता. डॉक्टराने एकदम पाच औषधे द्यावीत, तसला प्रकार.

शेवटी महालातले एक वयस्क मिस्त्री सकाळी सहाला घरी आले. "गाडी माझ्याकडे आणू नका, मीच गारठ्यात येतो," असे त्यांनीच सांगितले होते. त्यांनी बॉनेट उघडले पण हत्यार बाहेर काढले नाही. मला म्हणाले, "सर, आधी मोठे दिवे लावा. आता सेल्फ मारा." मारला. घुर्र... घुर्र... "दिवे पाहून राहिले ना? किती उतरले?" मी पाहिले. फारसे उतरलेच नव्हते. "मग बॅटरी काहून बदलली?"

हा प्रश्न मी जन्मात विसरणार नाही. कारण दिवे त्या २९ तारखेच्या पहाटेही तसेच लख्ख होते. समोरच्या भिंतीवर त्यांचा उजेड पडला होता आणि तो मी पाहिलाही होता.

याचा अर्थ उलगडून सांगतो. किल्ली फिरवताना दिवे विझू विझू झाले तर बॅटरी दुबळी आहे, किंवा तिची टोके मळली आहेत. दिवे लख्ख आणि सेल्फ मुका, तर दोष किल्लीत, सॉलेनॉइडात किंवा सेल्फमध्ये. आणि दिवे बरे पण सेल्फ मात्र कण्हत फिरतो, तर बॅटरीत जोर आहे, पण तो सेल्फपर्यंत पोहोचत नाही. वाटेत कुणीतरी खातो आहे. एका किल्लीच्या फिरकीत तीन निदाने होतात, आणि खर्च काहीही नाही.

मग मिस्त्रींनी गाडीच्या अंगापासून इंजिनाला जाणारी तांब्याची विणलेली पट्टी दाखवली. अर्थिंगची पट्टी. म्हणाले, "हात लावा." तिचे एक टोक चांगलेच तापले होते. पहाटेच्या त्या गारठ्यात साऱ्या गाडीत तेवढेच ऊबदार! नंतर त्यांनी जाड केबल घेतली, गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहिले, आणि बॅटरीचे अर्थचे टोक थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला जोडले. "मारा आता." इंजिन गर्रकन फिरले आणि धरले. केबल काढून गाडी बंद केली, पुन्हा सेल्फ मारला. तेच कण्हणे. केबल जोडली, पुन्हा गर्रकन. बाकी सगळे तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि फळ बदलते का पाहायचे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या ग्रंथात जी व्यतिरेक पद्धती सांगितली, ती हीच. मिस्त्रींनी मिल वाचला नव्हता. मी वाचला होता.

विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह सहज ओढतो. पट्टीच्या गंजलेल्या सांध्यात ओहमच्या अवघ्या पन्नासाव्या भागाइतका अडथळा धरा. शंभर अँपिअरला तिथे दोन व्होल्ट खाल्ले जातात आणि दोनशे वॉटची उष्णता होते. तेवढ्यानेच पट्टी तापते. छोट्या बल्बच्या अर्ध्या-एक अँपिअरला तोच अडथळा जाणवतही नाही. म्हणून बल्बचा टेस्टर लावला तर तो लागतो आणि 'तार चांगली आहे' असे खोटेच सांगतो. शिवाय कॉइलचा प्रवाहही त्याच वाटेने परततो, त्यामुळे ठिणगीही मंदावते. दुपारी तेल पातळ असते, ओझे हलके असते, दोन व्होल्ट कमी पडूनही भागते. पहाटे भागत नाही. शाळेत व्होल्टमीटर असेल तर सेल्फ फिरत असताना बॅटरीचे अर्थचे टोक आणि इंजिन यांच्यामध्ये मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवले तर पट्टी पाहा. बॅटरीच्या दोन टोकांवर मात्र सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. विश्रांतीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते.

हे झाले सेल्फ मंद असण्याचे. सेल्फ तडफेने फिरतो पण इंजिन धरत नाही, ही तक्रार निराळी. तिथे एक प्लग काढून पाहावा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, ठिणगी शोधा: पॉइंट काळे पडले असतील, कंडेन्सर गेला असेल. नाहीतर माझ्यासारखे पॅडल दाबून दाबून गाडी ओव्हर केली असेल. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. पाच-सात दिवस उभ्या असलेल्या गाडीत कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि पंपाच्या झडपा ढिल्या असतील तर नळीतलेही टाकीकडे परतते. अशी गाडी बराच वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होते आणि मग दिवसभर त्रास देत नाही. सुरू होऊन लगेच मरत असेल तर चोकची तार पाहा. पुष्कळदा बटण बाहेर येते पण तार आत हललेलीच नसते. विलायती पुस्तकांत डिस्ट्रिब्यूटरचे झाकण पुसून घ्या असे पहिले सांगितलेले असते. ते ओल्या हवेसाठी. आपला हिवाळा कोरडा. ते काम श्रावणातले. आणि प्लग काढलेला असताना जवळ विडी नको, बंद शेडमध्ये इंजिन चालू नको. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

डिझेलच्या जीपचे थोडक्यात सांगतो. तिथे ठिणगी नाही. हीटर प्लग तापू द्या. सेल्फ फिरताना पांढरा धूर आला तर डिझेल येते पण जळत नाही, तेव्हा हीटर पाहा. धूरच नाही तर डिझेल येत नाही. बहुधा नळीत हवा शिरली असते.

एक नवी गोष्टही सांगायला हवी. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. ऊस-मका पिकवणाऱ्याला त्यात आनंद असेल, आणि तो असावा. पण जुन्या कार्ब्युरेटरची भोके निव्वळ पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेली आहेत. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून मिश्रण पातळ पडते. आणि त्याला उडायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. पहाटे नेमकी तीच नसते. ते पाणीही शोषते आणि जुने रबर खराब करते. तेव्हा पूर्वी निम्म्या चोकवर सुरू होणारी गाडी आता पुरा चोक मागत असेल, तर लगेच इंजिन उघडायला देऊ नका. रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा तपासा, आणि जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवू नका.

मिस्त्रींनी नवी पट्टी टाकली. नवी बॅटरी, कार्ब्युरेटरचे किट आणि प्लग मिळून जो खर्च झाला होता, त्याच्यापुढे पट्टीची किंमत सांगायला मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी किल्ली फिरवली तेव्हा वडील आतल्या खोलीत अंथरुणावर होते. तिथूनच म्हणाले, "हं. आता बदलला."

जुनी पट्टी मी टाकली नाही. दर वर्षी तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला वर्गात नेतो आणि बाकांवरून फिरवतो. वरून ती धडच दिसते. तांब्याचे धागे सडले आहेत ते टोकाच्या दाबून बसवलेल्या टोपीच्या आत. मुलांना विचारतो, ही चांगली की खराब? अजून तरी एकाही वर्षी कोणी मला उलट विचारले नाही, की सर, हिच्यातून किती प्रवाह जायचा आहे?