मुलांचे आरोग्य : औषधाच्या बाटलीआधी घरचे ताट

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात पालकांपुढे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी ‘आयुर्वेद आणि बालसंगोपन’ या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकीचा पेशा पत्करलेला आणि ३८ वर्षे प्राथमिक शाळेत मुलांपुढे उभा राहिलेला मी एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांची मराठी भाषांतरे सवडीने वाचली, एवढीच माझी त्या शास्त्रातील पुंजी. परंतु वैद्य-डॉक्टरांकडे मूल आजारी पडल्यावर जाते. शिक्षकापुढे ते रोज सकाळी येते. तेव्हा आजारी पडण्यापूर्वीचे मूल कसे दिसते, याविषयी दोन शब्द सांगण्याचा मला थोडाबहुत अधिकार आहे, असे मी नम्रपणे समजतो.

आयुर्वेद म्हटला की आज आपल्या डोळ्यांपुढे बाटल्या, चूर्णे आणि गोळ्या येतात. मुलाची स्मरणशक्ती वाढावी म्हणून कोणते औषध द्यावे, असे पालक मला अद्यापही विचारतात. मी त्यांना उलट तीन गोष्टी विचारतो. मूल सकाळी काय खाऊन घराबाहेर पडते? ते कोणाबरोबर जेवते? आणि रात्री किती वाजता झोपते? या प्रश्नांपाशी बहुतेकजण थबकतात. आपल्या प्राचीन वैद्यांनी मात्र औषधाइकाच, किंबहुना काकणभर अधिकच, विचार या साध्या गोष्टींचा केलेला आहे. ते शास्त्र आपल्या घरात पूर्वी चूल, पाट आणि ताट यांच्या रूपाने नांदत होते. ते आपण हातचे घालवू लागलो आहोत, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी ‘कौमारभृत्य’ हे एक स्वतंत्र अंग आहे. बालकाचे पोषण आणि चिकित्सा हा त्याचा विषय. या अंगावरील ‘काश्यपसंहिता’ हा ग्रंथ नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली छापून प्रसिद्ध झाला. सुश्रुताने आहारावरून बालकाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. पहिल्या वर्षी ते क्षीरप, म्हणजे मुख्यतः दुधावर राहणारे. दुसऱ्या वर्षी क्षीरान्नाद, म्हणजे दूध आणि अन्न दोन्ही घेणारे. आणि त्यापुढे अन्नाद. मुलाला एकाएकी मोठ्यांच्या ताटावर बसवू नये, पायरीपायरीने न्यावे, हे तत्त्व त्यात आहे. आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण करतात आणि आधुनिक वैद्यकही सहा महिने पुरे होईपर्यंत केवळ आईचे दूध व त्यानंतर दुधाच्या जोडीला मऊ अन्न द्यावे, असेच सांगते. तूप घातलेला गुरगुट्या भात, वरणाचे घट्ट पाणी, नाचणीसत्त्व, पुढे मेतकूट-भात, ही आपल्या आज्यांची चढती श्रेणी शास्त्राला धरूनच होती.

येथेच एक सावधगिरीची सूचना देणे मला अगत्याचे वाटते. परंपरेतील प्रत्येक गोष्ट डोळे मिटून उचलावी, असे माझे म्हणणे नाही. नवजात बालकास मध चाटविण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. एक वर्षाच्या आतील मुलास मध देऊ नये. त्यातून क्वचित का होईना, अत्यंत घातक असा विषविकार होऊ शकतो, हे आज निश्चित ठाऊक झालेले आहे. त्याचप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत गुटीही देऊ नये, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. अस्वच्छ सहाण आणि अंदाजाने घेतलेले वेढे यांवर तान्ह्या जिवाचा भार टाकणे बरे नव्हे. कोणा अनोळखी माणसाकडून भस्म आणून मुलास देणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. नवे ज्ञान पारखून घेतल्याने जुन्या शास्त्राचा अपमान होत नाही.

आता भुकेकडे वळू. चरकाने अन्नसेवनाचे तीन दोष सांगितले आहेत. पथ्यकर आणि अपथ्यकर पदार्थ एकत्र खाणे ते समशन. अवेळी, कमी वा फार खाणे ते विषमाशन. आणि आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे ते अध्यशन. आपल्या मुलांचा आजचा दिवस या तिन्ही शब्दांत बसतो. शाळेतून आल्याबरोबर पाकिटातील कुरकुरीत पदार्थ, तासाभराने बिस्किटे, मग शिकवणीला जाताना आणखी काही. आणि रात्री ताटावर बसले की मूल म्हणते, भूक नाही. माता काळजीत पडते आणि भूक वाढविणारे औषध विकत आणते. भूक कोठेही हरवलेली नसते. दिवसभर तिला थोडे थोडे देऊन आपणच ती निजविलेली असते.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. प्रार्थनेच्या वेळी ती दोनदा भोवळ येऊन खाली बसली. तिच्या आईस बोलावून घेतले. घर खाऊनपिऊन सुखी होते, दारी दुभते होते. परंतु मुलगी सकाळी कपभर चहा आणि दोन बिस्किटे घेऊन येई व साडेअकरापर्यंत तिच्या पोटात दुसरे काही जात नसे. आई म्हणाली, “गुरुजी, सकाळी तिला भूकच लागत नाही हो.” चौकशी करता समजले की रात्रीचे जेवण दहाच्या पुढे, दूरदर्शनसमोर होत असे. दवाखान्यात तपासणी केली तेव्हा रक्त कमी भरले. डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले. घरच्यांनी जेवणाची वेळ आठवर आणली, चहा बंद केला आणि सकाळी भाकरी-तूप किंवा उपमा द्यावयास आरंभ केला. काही महिन्यांनी तीच मुलगी खो-खोच्या संघात धावू लागली. औषध आणि घरचे वेळापत्रक, दोघांनी मिळून हे काम केले.

हे एका घरचे उदाहरण नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० बालकांपैकी सुमारे ६९ बालकांत रक्तक्षय आढळला. हा आकडा केवळ गरिबांच्या घरचा आहे असे मानून आपण सुटू शकत नाही. शंभरात ६९ म्हटल्यावर त्यात आपलीही मुले असणारच. रक्तक्षय झालेले मूल आरडाओरड करीत नाही. ते गप्प बसते, पेंगते, पाठांतर विसरते आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

या बाबतीत जुन्या स्वयंपाकघराची जाण पाहण्यासारखी आहे. चहातील तुरट द्रव्ये अन्नातील लोह अंगी लागू देत नाहीत. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्व ते अंगी लावण्यास साहाय्य करते. पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या आपल्या आजीला जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते, परंतु कृती अचूक होती. मटकी-मुगाला मोड आणल्याने त्यांतील पोषक अंश शरीराला सुलभ होतो. लोखंडी कढईत परतलेल्या भाजीत थोडे लोह उतरते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात ते १० च्या आसपास. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा जी नाचणी-बाजरी आपण गावाकडे ठेवून शहरात आलो, ती सुंदर वेष्टनात चढ्या भावाने दुकानांत दिसू लागली!

वाग्भटाने सांगितलेली ऋतुचर्याही आपल्या सणांत मुरलेली आहे. हिवाळ्यात जठराग्नी प्रबळ असतो म्हणून स्निग्ध अन्न. त्याप्रमाणे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी. उन्हाळ्यात शीतल, पातळ पदार्थ. त्याप्रमाणे चैत्रात पन्हे आणि कैरीची डाळ. पावसाळ्यात अग्नी मंद, म्हणून हलके ताजे अन्न आणि उपवास. मुलांना हे पदार्थ नुसते खाऊ घालू नका; त्यांच्यामागचे कारणही सांगा.

अन्न कोणते, याइतकेच ते कसे खावे यालाही चरकाने महत्त्व दिले आहे. आहाराचा विचार करताना ज्या आठ गोष्टी पाहावयाच्या, त्यांत जेवण्याचे नियम ही एक स्वतंत्र बाब त्याने मोजली आहे. अन्न उष्ण असावे, मन लावून खावे, फार घाईने वा फार रेंगाळत खाऊ नये, असे ते नियम आहेत. आज मुलाच्या एका हातात घास आणि दुसऱ्या हातात मोबाईल असतो. त्याला चव कळत नाही आणि पोट भरल्याचेही कळत नाही. शाळेतील माध्यान्ह भोजनाच्या वेळी मी एक गोष्ट पुनःपुन्हा पाहिली. घरी भाजीला नाक मुरडणारे मूल खिचडीच्या पंगतीत तीच भाजी निमूटपणे खाते, कारण शेजारचा मित्र खात असतो. परसबागेत मुलांनी स्वतः लावलेली मेथी तर एक पानही मागे न ठेवता संपत असे. म्हणून मुलांना स्वयंपाकघरातून हाकलू नका. शेंगा सोलणे, मेथी निवडणे, तांदूळ धुणे ही कामे सात-आठ वर्षांच्या मुलाला आणि मुलीलाही सहज करता येतात.

आणखी एक विषय थोडा संकोचाचा आहे, तरी बोलतो. न आवरण्यासारखे तेरा वेग चरकाने सांगितले आहेत. मलमूत्र, भूक, तहान, झोप, इतकेच काय, डोळ्यांतील अश्रूही त्यांत आले. शाळेतील अस्वच्छतेमुळे कित्येक मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि लघवी रोखून धरतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पालकांनी गुणपत्रिका पाहावयास शाळेत जावे, तसे शौचालय पाहावयासही जावे. झोपेचेही तेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप हवी. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाला २०२४ साली काढावा लागला. शाळेने वेळ बदलली तरी घरातील दिवे बारापर्यंत जळत राहिले, तर त्या आदेशाचा उपयोग काय? आणि मुलगा रडला तर ‘मुलीसारखा रडतोस काय’ असे म्हणू नका. तोही एक वेगच आहे.

हे सर्व ऐकून भगिनीवर्ग मनात म्हणत असेल की, गुरुजींचे बोलणे ठीक, पण करावयाचे कोणी? प्रश्न रास्त आहे. ज्या काळाचे आपण गोडवे गातो, त्या काळी एका घरात चार स्त्रिया राबत होत्या आणि त्यांची ताटे सर्वांच्या शेवटी वाढली जात होती. आज सून नोकरी करते आणि तरीही मोड आलेली मटकी तिनेच करावी, ही अपेक्षा न्यायाची नाही. पुरुषांनी पीठ मळले, भाजी चिरली, तर आपल्या कुळाला कमीपणा येत नाही. दुसरे असे की, आपल्या कित्येक घरांत अजूनही दुधाचा मोठा पेला मुलाला आणि उरलेले मुलीला मिळते. रक्ताची गरज वयात येणाऱ्या मुलीला अधिक असते. हा भेद आजपासून मोडला पाहिजे.

माझ्या बोलण्याचा कोणी असा अर्थ करू नये की, ताट नीट वाढले म्हणजे डॉक्टरांचे काम संपले. लसी वेळेवर टोचल्याच पाहिजेत. जुलाब होऊ लागताच जलसंजीवनी दिलीच पाहिजे. शाळेत मिळणारी जंतनाशकाची गोळी मुलास घेऊ द्यावी. मूल फिकट दिसले, त्याचे वजन वाढेनासे झाले, तर घरगुती उपायांत महिने न घालविता तपासणी करावी.

आता मंडळाकडे तीन मागण्या मागतो. गुणवंत विद्यार्थ्यांचा आपण दरवर्षी सत्कार करतो. त्याच दिवशी आपल्या समाजातील डॉक्टर मंडळींनी सर्व मुलांची उंची, वजन आणि रक्त तपासावे. त्या दिवशी मुलांच्या हाती पाकिटे आणि शीतपेये न देता राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि केळे द्यावे. आणि पुढील वर्षाच्या स्मरणिकेत आपल्या वृद्ध भगिनींकडून मुलांसाठी करावयाचे जुने पदार्थ मापासह लिहून घेऊन छापावेत. त्या हयात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.

पालकांकडे मात्र एकच मागणी. दिवसातून एक वेळ, रात्री आठच्या सुमारास, घरातील लहानथोर सर्वांनी एका पंगतीत बसावे. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावे. मुलीचे ताट मुलाच्या बरोबरीने वाढावे. यास पैसा लागत नाही, वैद्याची चिठ्ठी लागत नाही. हे मी आपणांस आज्ञा म्हणून नव्हे, तर आपल्याच मुलांचा जुना मास्तर म्हणून विनवून सांगत आहे.