त्या बाराजणींचं काय?

'ओडिसी'च्या २२व्या सर्गात १२ दासी फासावर जातात. आधी त्यांच्याकडूनच प्रेतं उचलून घेतली, रक्ताळलेली टेबलं-खुर्च्या धुऊन घेतली. मग मालकाचा पोरगा जहाजाचा दोर आणतो. तलवारीचं स्वच्छ मरण ह्यांना कशाला, म्हणतो! थोडा वेळ पाय झाडले, खलास. मग घर गंधकाच्या धुरीनं शुद्ध! होमर पुढं चालता झाला.

मार्गारेट अ‍ॅटवुडचं 'पेनेलोपियाड' २००५चं. २००७ला इंग्लंडात त्याचं नाटक झालं. सगळ्या नट्याच, राजाही बाईच रंगवते. त्यात ह्या बाराजणी कोरस होऊन मध्येच घुसतात, गातात, जाब विचारतात. तरी गोष्ट सांगायला पुन्हा राणीच! हे मला खटकतं. मी बसवलं असतं तर पडदा टेबलं पुसणाऱ्या त्या हातांवर उघडला असता. राणी नंतर आली असती, बोलावली तर.