घडी घालून न्यायचं घर

(कामशेत इथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहीजणींनी एकमेकींकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं. पाण्याचे, रेशनचे, मारहाणीचे प्रश्न समोर असताना ही बाई अवकाशातल्या घरांबद्दल काय सांगणार? पण घर कोण आखतं आणि त्यात राहणारीला कुणी विचारतं का, हा प्रश्न आपलाच आहे. चारशे किलोमीटर वर गेलं म्हणून तो बदलत नाही.

आधी अडचण समजून घेऊ. रॉकेटच्या टोकाला सामानासाठीची जागा ठरलेली असते. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या टोपणाचा व्यास ५ मीटर. त्याहून रुंद पत्र्याचं घर नेता येत नाही, शिवाय वजनाचा प्रत्येक किलो महाग पडतो. म्हणून घर कापडाचं करायचं, घडी घालून न्यायचं आणि वर गेल्यावर हवा भरून फुगवायचं. इथल्या डोंगरांवरून पॅराग्लायडर उडतात ते तुम्ही बघता. पाठीवरच्या पिशवीत मावणारं कापड, हवा भरली की ताठ होतं आणि माणसाला तोलून धरतं. तत्त्व तेच. फक्त अवकाशात बाहेर हवाच नसते, त्यामुळे आतली हवा भिंतीच्या दर चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा रेटा देते. तो कापडाने सोसायचा!

हे कापड म्हणजे गोधडीच समजा. नासाने १९९० च्या दशकात ‘ट्रान्सहॅब’ नावाचं असं घर आखलं. त्याची भिंत फूटभर जाड. आत हवा धरून ठेवणारे थर, त्यावर केव्हलारच्या पट्ट्या टोपलीसारख्या एकात एक विणलेल्या, आणि बाहेरून येणारे बारीक दगड अडवायला फोम व चिवट कापडाचे एकाआड एक थर. फुगल्यावर व्यास ८ मीटरच्या वर. आराखड्याच्या कामात कॉन्स्टन्स अ‍ॅडम्स ही वास्तुरचनाकार होती. एका मजल्यावर स्वयंपाक आणि सगळ्यांनी एकत्र बसून जेवायची जागा, त्यावर झोपायच्या खोल्या, त्यावर व्यायाम आणि औषधोपचार. किरणोत्सारापासून बचाव म्हणून झोपायच्या खोल्यांभोवती पाणी साठवायचं. ते घर वर गेलं नाही. अमेरिकन संसदेने २००० साली काम थांबवलं. पुढे एका खासगी कंपनीने त्याच कल्पनेवर ‘बीम’ ही लहान खोली केली. वजन सुमारे १,४०० किलो, आतली जागा १६ घनमीटर. ती २०१६ मध्ये अवकाश स्थानकाला जोडली. २६ मे रोजी हवा भरायला घेतली, तर फुगेना. फार दिवस घडीत राहिल्याने थर एकमेकांना धरून बसले होते. ट्रंकेतली जुनी पैठणी उलगडताना आपण जपतो, तेच तिथे करावं लागलं. २८ मेला थोडी थोडी हवा सोडत सुमारे सात तासांत ती उघडली. आतून लाह्या फुटल्यासारखे आवाज येत होते म्हणे.

आता शिवणारणींबद्दल. १९६९ मध्ये चंद्रावर गेलेले पोशाख बायकांची अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या कंपनीच्या एका विभागात शिवले गेले. एकवीस थर, आणि टाका मिलिमीटरभरही सरकता कामा नये. पहिलं पाऊल टाकणाऱ्याचं नाव शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. शिवणाऱ्या हातांची नावं किती जणांना माहीत? आणि मापं कुणाची? मार्च २०१९ मध्ये दोन स्त्रिया मिळून यानाबाहेर काम करणार होत्या, तो बेत बदलला. मध्यम मापाचा धडाचा भाग एकच तयार होता. शेवटी १८ ऑक्टोबर २०१९ ला क्रिस्टिना कॉख आणि जेसिका मीर एकत्र बाहेर पडल्या.

आपल्याकडेही सराव सुरू झाला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेहला ‘हॅब-१’ हे फुगवायचं घर उभं राहिलं. इस्रो, आका स्पेस स्टुडिओ, लडाख विद्यापीठ आणि मुंबईची आयआयटी त्यात होते. छोटंसं घर, पण स्वयंपाकाची सोय आणि संडास दोन्ही आराखड्यातच आहेत.

हे वाचलं तेव्हा मला उसाच्या फडातली कोपी आठवली. बांबूच्या कांबी वाकवायच्या, वर तट्टी नाहीतर प्लास्टिक टाकायचं, हंगाम संपला की मोडून निघायचं. घडीचं, हलकं, चटकन उभं राहणारं घर बीडची ऊसतोड बाई कितीतरी वर्षं बांधते आहे. तिला वास्तुरचनाकार म्हणत नाहीत. तिचं वेगळं नावही हजेरीत येत नाही, नवराबायको मिळून एक ‘कोयता’. त्या कोपीला कडी नाही, न्हाणी नाही, संडास नाही. पाळीतसुद्धा उघड्यावर. गर्भाशय काढलेल्या बायांची संख्या इतकी झाली की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

कापड, कांब, गाठ यांचं ज्ञान तिच्याजवळ आहे. नसतो तो पैसा आणि विचारणारं माणूस. घडीची न्हाणी, आतून लागणारी कडी, सुटं होणारं संडासाचं खोकं, याला काही अवकाशशास्त्र लागत नाही. आपल्या गटांत शिवणयंत्रं आहेत, ताडपत्री बाजारात मिळते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या यायला लागतील. त्याआधी एक नमुना करून बघू. माप घ्यायला मात्र त्यांच्यातल्याच चारजणींना बोलवायचं.