पैसा वाटेत किती दिवस राहतो?



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने व्याख्यानमालेत दुकानदारीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु विषय वरून दुकानदारीचा दिसला, तरी त्याच्या पोटातील प्रश्न आमच्या रोजच्या परिचयाचा आहे. आपल्या तालुक्यात मिरची पिकते, मका पिकतो, कापूस पिकतो. ही मिरची वाळवून, कांडून, तिच्या पुड्या बांधून पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकाला घरपोच विकावी, असे बचत गटातील भगिनींना आणि शिकलेल्या तरुणांना आता वाटू लागले आहे. त्यासाठी इंटरनेटवर दुकान मांडतात. दुकान मांडणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. अडचण येते ती पुढे. गिऱ्हाईक पुण्यात बसून पैसे देणार. ते सिल्लोडच्या खात्यात आणून पोचवणार कोण? हे काम करणाऱ्या कंपन्या अनेक आहेत आणि प्रत्येकीची जाहिरात गोड आहे. त्यांतून निवड कशी करावी, एवढाच आजचा विषय.

दूरच्या माणसाचा पैसा मध्यस्थाच्या हातून घेणे ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्याकडे शतकानुशतके हुंडी चालत असे. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे मुदत भरल्यावर मिळत, आणि पेढीवाला आपली हुंडणावळ कापून घेई. पुढे टपालखात्याची व्ही. पी. आली. पोस्टमन दारात पुडके द्यायचा, किंमत घ्यायचा आणि ती रक्कम मनीऑर्डरीने विकणाऱ्याकडे यायची. साधने बदलली; पण शहाणा व्यापारी तेव्हा जे विचारत असे, तेच आजही विचारावयास हवे. पैसा मध्ये कोणाच्या हाती राहतो? किती दिवस राहतो? त्यातून काय काय कापले जाते? आणि तंटा झाला तर उत्तर कोण देतो?

पहिला प्रश्न, पैसा कोणाच्या हाती. येथे दोन शब्दांतील फरक नीट लक्षात घ्यावा. पेमेंट गेटवे म्हणजे नुसता रस्ता. तो पैशाच्या व्यवहाराची यांत्रिक सोय करून देतो, रक्कम हाताळत नाही. पेमेंट अ‍ॅग्रीगेटर मात्र अनेक दुकानांच्या गिऱ्हाइकांचे पैसे स्वतः गोळा करतो आणि मागाहून ज्याचे त्याला देतो. बोलताना लोक दोघांनाही गेटवेच म्हणतात; पण ज्याच्या हाती आपली रक्कम राहते, त्याची चौकशी अधिक कसून केली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी याविषयी नियम घालून दिले, आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी ते एकत्र करून नवे निर्देश काढले. बँक नसलेल्या अशा कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. तिचे स्वतःचे भांडवल अर्ज करताना निदान १५ कोटी व पुढे २५ कोटी रुपये असावे लागते. दुकानदारांचा पैसा तिने आपल्या पैशात मिसळू नये. तो बँकेतील वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावा, असा दंडक आहे. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तेव्हा कंपनीचा माणूस दारी आला, म्हणजे त्याला चहा अवश्य द्यावा. पण सही करण्यापूर्वी यादीत नाव शोधावे.

दुसरा प्रश्न दिवसांचा. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढारपणाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. त्यांच्या मागण्यांत रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि आणखी एक मागणी होती: मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पगार वाढवा एवढेच नव्हे, तर पगार वेळेवर द्या! कारण पगार लांबला की कामगार वाण्याकडे उधारी करतो, उधारीवर व्याज चढते, आणि पूर्ण पगार हाती येऊनही तो अपुरा पडतो. उशीर हीसुद्धा एक कपातच आहे, हे त्या निरक्षर माणसांनी ओळखले होते.

छोट्या दुकानाचे असेच आहे. गिऱ्हाइकाने सोमवारी पैसे दिले, ते आपल्या खात्यात कोणत्या वारी येतील? मध्ये बँकेची सुटी आली तर? माल पोचल्यावर, की परत करण्याची मुदत संपल्यावर? नव्या दुकानाची काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवतात काय? हे सारे करारात लिहिलेले असते. ते तारीखवार विचारून घ्यावे. मोठा व्यापारी आठ दिवस थांबू शकतो. बचत गटापाशी एवढी गंगाजळी नसते. तेथे पैसा वाटेत अडकला, तर मिरची निवडणाऱ्या आणि पुड्या बांधणाऱ्या बाईचा रोज सर्वांत आधी थांबतो. कंपनीच्या कराराखाली त्या बाईची सही नसते. पण त्याचा भार मात्र तीच वाहते. आम्ही आज येथे बोलावयास उभे राहिलो, ते या एका कारणासाठी.

तिसरा प्रश्न कपातीचा. बाजार समितीत माल घालणाऱ्याला आडत्याची पट्टी ठाऊक आहे. भाव चांगला लागलेला असतो. पण खाली हमाली, तोलाई, आडत आणि कुठे कडता अशी उतरंड लागते, आणि हाती येणारा आकडा निराळाच असतो. नव्या मध्यस्थाचीही पट्टी असते. तिला सेटलमेंटचा अहवाल म्हणतात. एक हिशेब करून पाहू. समजा, ५०० रुपयांच्या विक्रीवर मध्यस्थ शेकडा २ आकारतो. झाले १० रुपये. त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ रुपया ८० पैसे. एकूण ११ रुपये ८० पैसे. ऐकताना शेकडा दोन काहीच वाटत नाही. परंतु त्या ५०० रुपयांत मिरची, कांडप, पुडा, मजुरी आणि कुरियर वजा जाता ६० रुपये उरत असतील, तर आपल्या नफ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला! म्हणून दराची तुलना विक्रीशी न करता नफ्याशी करावी.

येथे एक सोय सांगून ठेवतो. १ जानेवारी २०२० पासून, बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर आणि रुपे डेबिट कार्डावर, बँका व्यापाऱ्याकडून जो एमडीआर नावाचा आकार घेत, तो शून्य केलेला आहे. तरीही मध्यस्थ कंपनी आपल्या सेवेचा आकार म्हणून काही मागू शकते. तेव्हा यूपीआय, डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड आणि नेट बँकिंग यांचे दर वेगवेगळे लिहून मागावेत. नोंदणीचा आकार, वर्षाची वर्गणी, पैसे परत करताना लागणारा आकार, हेही विचारावे. परत केलेल्या मालावरचा आकार आपल्याला परत मिळतो की नाही, हे तर अवश्य.

चौथा प्रश्न तंट्याचा. एखादे गिऱ्हाईक आपल्या बँकेकडे तक्रार करते की, माल मिळालाच नाही. याला चार्जबॅक म्हणतात. तंटा मिटेपर्यंत रक्कम आपल्याकडून अडवली जाते आणि ठरलेल्या मुदतीत पुरावा द्यावा लागतो. म्हणून कुरियरची पावती, पोच आणि गिऱ्हाइकाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. दुसरा प्रकार असा की, गिऱ्हाइकाच्या यूपीआय खात्यातून पैसे जातात आणि दुकानाला त्याची खबरच नसते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत गेली पाहिजे. पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगता आले, तर गिऱ्हाईक टिकते. मात्र अशा वेळी मध्यस्थाकडे फोन उचलणारा माणूस आहे काय? तो मराठीत, निदान हिंदीत, बोलतो काय? करार करण्यापूर्वीच दोनतीनदा फोन लावून पाहावा. लग्नाआधी घर पाहतात, तसेच हे.

आणखी एक सावधगिरी. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, आणि १५ मार्च २०२४ नंतर तेथील खात्यांत नवी रक्कम स्वीकारणे बंद झाले. ज्या दुकानदारांची विक्री त्याच खात्यात जमा होत असे, त्यांना दुसरी बँक गाठावी लागली. कोणाच्या निंदेसाठी हे सांगत नाही. सारे दुकान एका खुंटीला टांगू नये, एवढाच बोध घ्यावा. दुसऱ्या मार्गाची तजवीज आधीच असावी. गिऱ्हाइकांची व मागण्यांची नोंद आपल्या स्वतःच्या वहीत असावी.

मग प्रारंभ कसा करावा? दिवसाला चारपाच मागण्या येणाऱ्या गटाने आपल्या बँकेचा यूपीआय क्यूआर घेऊन सुरुवात केली, तरी बिघडत नाही. मात्र गिऱ्हाइकाने पाठविलेल्या चित्रावर विसंबून माल सोडू नये. रक्कम आपल्या खात्यात दिसली, तरच सोडावा. मागण्या वाढल्या आणि कोणाचे पैसे कोणत्या मागणीचे हे हाताने जुळविणे जड होऊ लागले, म्हणजे अ‍ॅग्रीगेटरकडे जावे. निदान तिघांचे दरपत्रक मागवावे, आणि गटाच्या सभेत, सर्वांसमक्ष, ते मोठ्याने वाचावे. इंग्रजी करार एकट्या सचिवाने वाचून सही करणे योग्य नव्हे. ज्यांचा रोज त्यावर अवलंबून आहे, त्या सर्वांना पैसा कोणत्या दिवशी येणार आणि किती कापून येणार, हे त्यांच्या भाषेत कळले पाहिजे.

कामगार चळवळीने दीडशे वर्षांत जे मिळविले, त्यांत घामाचा पैसा ठरल्या दिवशी आणि सांगितलेल्याच कपातीने मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क कोणी आणून दिला नाही. माणसांनी एकत्र बसून, विचारून, लिहून घेऊन तो मिळविला. नव्या दुकानाच्या नव्या मध्यस्थापुढेही तसेच एकत्र बसावे, विचारावे आणि लिहून घ्यावे.