कामावर इजा झाल्यास भरपाईचा हक्क



जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार करणाऱ्या पोलाद कारखान्यांत भाजण्याचा किंवा अवयव गमावण्याचा धोका असतो.

कामामुळे आणि कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागू नये, हे 1923 च्या कायद्यातील तत्त्व 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

कामगार ठेकेदाराचा असला, तरी मुख्य मालकाची जबाबदारी टळत नाही. मात्र कर्मचारी राज्य विमा, म्हणजेच ईएसआय, लागू असल्यास लाभ ईएसआय महामंडळाकडून मिळतो.

अपघाताची लेखी सूचना त्वरित द्यावी, उपचारांचे कागद जपावेत आणि मालकाविरुद्धचा दावा 2 वर्षांच्या आत दाखल करावा.

लक्षात असू द्या, मुदत दोनच वर्षांची असते.